मौलाला कोणी उठवायचं नाही

रविवार, १ फेब्रुवारी १९७६

ही डायरी चहाच्या एजंटाने नव्या सालाची म्हणून दिली होती. महिनाभर ती गुळाच्या ढेपेखाली पडून राहिली, त्यामुळे पहिली चार-पाच पानं चिकटली आहेत. आज ती झटकून घेतली, कारण आजपासून एक मोठं काम हाती घेतलं आहे. माझा मुलगा मौला याला जबाबदार करायचं.

आज पौडला त्याच्या शाळेत पालकांचा मेळावा होता. पुण्याहून एक विदुषी बाई आल्या होत्या. विषय होता, वाढत्या वयातली मुलं आणि जबाबदारी. निम्मे पालक बाकावर डुलक्या घेत होते. मी मात्र व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस, मी सगळं उतरवून घेतलं. बाई म्हणाल्या, मुलांना सकाळी उठवू नका, त्यांचं त्यांना उठू द्या. घरातली एखादी मोलाची गोष्ट त्यांच्या ताब्यात द्या. त्यांच्यावर भरवसा ठेवा, आणि भरवसा ठेवलाय असं नुसतं दाखवू नका. शेवटी म्हणाल्या, चुकू द्या. हे शेवटचं मला पटलं नाही, म्हणून मी ते कंसात लिहिलं.

मौला सोळा संपून सतराव्यात आहे. गेल्या साली मॅट्रिकच्या पहिल्याच पेपराला तो झोपून राहिला. त्याचं असं झालं की माझ्या आईला, अम्माला, वाटलं माझ्या बायकोने, जोहराने उठवलं, जोहराला वाटलं मी उठवलं, आणि मला वाटलं एवढ्या दोन बायका घरात असताना मी कशाला उठवू. साडेआठची एसटी निघून गेली. मग पोराचं मनच उडालं, पुढच्या पेपरांनाही बसला नाही. याला काय म्हणावं? शुद्ध बेजबाबदारपणा.

यंदा १५ मार्चला पुन्हा परीक्षा आहे. त्याला औंधच्या आयटीआयला जायचंय, यंत्रं शिकायचीत. पास झाला तर जाईल. या खेपेलाही चुकला तर मी त्याला भवानी पेठेत आमच्या अडत्याच्या गोदामात पोती उचलायला धाडणार, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे. सांगताना मी त्याच्याकडे न बघता वजनं पुसत होतो.

सोमवार, २ फेब्रुवारी

सकाळी सातला सगळ्यांना दुकानात बोलावलं. अम्मा, जोहरा, मुलगी दिलशाद, आणि समोरच्या चहाच्या हॉटेलातला भिकू. भिकू घरचा नाही, पण एसटीचा थांबा त्याच्या दारात आहे आणि दर सकाळी "मौला, गाडी आली रंऽ" असं तो बोंबलतो, म्हणून त्यालाही घेतलं.

आमच्या दुकानात शपथ तराजूवर हात ठेवून घ्यायची रीत आहे. माझे वडील म्हणायचे, तराजूवर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याची बरकत जाते. एकेकाने पारड्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मी मौलाला उठवणार नाही, हाक मारणार नाही, हलवणार नाही." अम्मासाठी मी "उशी ओढणार नाही" एवढं जास्तीचं घातलं.

"आन् लेकरू झोपूनच ऱ्हायलं तर?" अम्मा म्हणाली.

"तर राहू दे. बाईंनी सांगितलंय."

"त्या बाईला पोरं किती हायेत?"

ते मी विचारलं नव्हतं. मौला या सगळ्या वेळात आत झोपलेला होता. त्याच्याकडून शपथ घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तो उठल्यावर त्याच्या ताब्यात मोलाची गोष्ट दिली. आमचं भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ. वडिलांनी खडकीच्या एका साहेबाच्या लिलावातून आणलं होतं. लवळे गावात घड्याळं चार-पाच असतील, पण गाव चालतं ते आमच्या दुकानातल्या घड्याळावर. शाळेची घंटा, पंचायतीची बैठक, भिकूचा पहिला चहा, सगळं याच्यावर. त्याची चावी मी सुतळीत ओवून मौलाच्या गळ्यात घातली आणि म्हणालो, "आजपासून हे तुझं. दर शुक्रवारी चावी द्यायची. आमी कुणी हात लावनार न्हाई."

मौला चावीकडे बघत राहिला. "खरंच कुणी न्हाई?" म्हणाला.

पोरगा संशयी आहे. कुणावर गेलाय कळत नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वाईट सकाळ गेली. शाळेसाठी मौलाला रोजच साडेआठची गाडी धरावी लागते. सातपासून आम्ही चौघं त्याच्या अंथरुणाभोवती शपथ पाळत उभे. जोहराच्या हातून तीनदा परात पडली. परात पडणं शपथेत नव्हतं. अम्मा इतकी खोकली की मला तिची काळजी वाटली. पोरगं कूस बदलून घोरायला लागलं. आठ वाजून दहा मिनिटांनी उठला, आठ एकोणतीसला एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन गाडीमागे पळाला. कंडक्टरने हात देऊन वर ओढला म्हणून निभावलं.

परीक्षेच्या दिवशी असं झालं तर?

दुकानात कोणी नाही असं बघून मी घड्याळाची काच उघडली आणि काटा दहा मिनिटं पुढे सरकवला. ही लबाडी नाही, हे धोरण आहे. मी मौलाला उठवलं का? नाही. हाक मारली? नाही. मौलाला याचा पत्ता लागता कामा नये. दहा मिनिटांची ही गोष्ट माझ्यापाशीच राहील.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

गुण आला! मौला आज साडेसातला उठून बसला. बाईंचं म्हणणं खरं निघालं, भरवसा ठेवला की पोर सुधारतं.

परवा भल्या सकाळी अम्मा स्टुलावर चढून घड्याळाची काच पुसताना दिसली. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात म्हणून नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढते. मी ओरडलो तर म्हणाली, "धूळ लई साचली हुती." घरातल्या वस्तूंवर असं प्रेम आता राहिलं नाही.

एसटी मात्र आज आठ पंचावन्नला आली. माझी दहा मिनिटं मी मनातल्या मनात वजा केली, तरी पंधरा मिनिटं उशीर होतोच.

बुधवार, ११ फेब्रुवारी

थंडी लांबली आहे. आज सूर्य साडेसात वाजून गेल्यावर उगवला. माघ निम्मा सरत आला, दिवस मोठा व्हायला हवा, इथे उलटच चाललंय. अम्मा म्हणते कयामत जवळ आली. मी म्हटलं, हवामान बिघडलं आहे, दुसरं काही नाही.

भिकूच्या हॉटेलात सकाळी सातच्या बातम्या लागतात. आज त्या लागल्या तेव्हा माझ्या घड्याळात सात चाळीस झाले होते. भिकू म्हणाला, "शेठ, रेडिओ मागं पडतोय का काय?" त्याने तो जुन्या बाजारातून घेतलाय. सेल उतरले की आवाज बसतो, तशा बातम्याही मागे पडत असतील. मी त्याला नवे सेल दिले.

जोहरा हल्ली जळमटं फार काढते. परवा केरसुणी घेऊन घड्याळापाशी उभी होती. जळमट मला तरी दिसलं नाही, पण बायकांची नजर वेगळी असते.

एसटी आज नऊ दहाला आली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

एसटी नऊ वीस! रोज पुढे पुढेच चाललंय. दाद ना फिर्याद.

मौला आता इतका लवकर तयार होतो की तासभर थांब्यावर बसून राहतो. पुस्तक उघडं असतं. वाचतो की वाचल्यासारखं करतो, खुदा जाणे. मी त्याच्यासमोरून दोनदा खोकत गेलो, त्याने वर पाहिलं नाही. मोठ्यांना मान देणं गेलं.

घड्याळाचंही वय झालं आहे. आज काटे नऊवर होते आणि टोले सातच पडले. मौला गळ्यातल्या चावीशी खेळत शांतपणे मोजत होता. त्याला म्हटलं, "तुझ्या ताब्यात दिलं आन् टोले चुकाया लागले. ही का जबाबदारी?"

"अब्बा, काटा हातानं ढकलला, टोलं पुरं पडू न्हाई दिलं, की चुकत्यात," तो म्हणाला.

"कोण ढकलील?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रॉकेलच्या डब्याकडे पाहिलं. दिलशाद तेवढ्यात "मला गृहपाठ हाय" म्हणून आत पळाली. भिकू साखर घ्यायला आला होता, तो घड्याळामागे पाल शोधायला लागला. गेल्या आठवड्यातही तो तिथे पालच शोधत होता. आमच्या घरात पाली वाढल्या आहेत, बंदोबस्त केला पाहिजे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

अखेर अर्ज लिहिला. सध्या देशात शिस्तीचं वातावरण आहे, कचेऱ्यांवर कामाच्या वेळेच्या पाट्या लागल्यात, आणि आमची साडेआठची गाडी रोज नऊ वीसला येते. "मेहेरबान डेपो मॅनेजर साहेब यांसी, जैनुद्दीन, किराणा दुकानदार, मुक्काम लवळे, यांजकडून" अशी सुरुवात करून दोन पानं भरली. माझी दहा मिनिटं प्रामाणिकपणे वजा करून चाळीस मिनिटांचा जाब मागितला. खाली गावातल्या एकोणतीस लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. जोहरा, अम्मा आणि भिकू यांनी सही करायला का कुणास ठाऊक फार आढेवेढे घेतले. सरकारी कागदाची भीती, दुसरं काय.

मौलाने सही केली नाही. म्हणाला, "गाडीची चूक न्हाई, अब्बा." घरच्यांपेक्षा परक्यांची बाजू घेण्याचं हे वयच असतं.

मंगळवार, २ मार्च

एसटीचा इन्स्पेक्टर आला! अर्ज लागू पडला.

गृहस्थ सभ्य होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. भिकूच्या बाकावर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. गाडी आली. तो म्हणाला, "साडेआठ. अगदी वेळेवर." मी त्याला हाताला धरून दुकानात आणलं आणि भिंत दाखवली. नऊ वीस.

"शेठ, तुमचं घड्याळ पुढे आहे."

"माझ्या वडिलांच्या वेळेपासून एक मिनिट इकडचं तिकडं झालेलं नाही," मी म्हणालो. दहा मिनिटांचं सोडलं तर हे खरंच आहे. मग मी गावाला विचारलं, किती वाजले? सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, नऊ वीस. सारजाबाई दह्याचं मडकं खाली ठेवून म्हणाली, "साह्यब, आमच्या गावात हेच वाजल्यात. तुमच्यात काय वाजल्यात ते तुमचं तुमी बगा."

इन्स्पेक्टरने कपाळावरचा घाम पुसला. दिवस कडक आहेत, कुणाच्या विरुद्ध लिहावं तर पंचाईत, न लिहावं तर पंचाईत. शेवटी त्याने रिपोर्ट लिहिला तो असा: "गाडी आमच्या घड्याळाप्रमाणे वेळेवर व गावाच्या घड्याळाप्रमाणे पन्नास मिनिटे उशिरा. उभय पक्ष समाधानी." मी सही केली. आपण आपल्या हक्कासाठी उभं राहिलो की सरकार ऐकतं.

मौला तोवर गाडीत बसून गेलाही होता. बाप गावासाठी भांडतोय आणि पोराला थांबून बघावंसंही वाटलं नाही.

शनिवार, ६ मार्च

काल सारजाबाईच्या पोरीचं लग्न झालं. गोरज मुहूर्त होता, सहा बावन्नचा. भटजी आमच्या घड्याळावर नजर ठेवून अंतरपाट धरून उभे. सहा बावन्न झाले आणि बघतात तर उन्हं डोळ्यांवर, गुरं अजून डोंगरात! गोरज म्हणजे गुरं परतायची वेळ. गुरांचा पत्ता नाही तर गोरज कसली? मग चार गडी पाठवून गुरं पिटाळत गावात आणली, धूळ उडवली आणि अक्षता टाकल्या. शेजारच्या माण गावाहून यायचं नवऱ्याकडचं अर्धं वऱ्हाड पाऊण तासाने उगवलं, तोवर बुंदी संपत आली होती. त्यांचं म्हणणं, ते वेळेवरच आले. माणच्या लोकांना वेळेची किंमत कधीच नव्हती.

मौला म्हशींच्या मागे पळणाऱ्या गड्यांकडे बघून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गंभीर प्रसंगी हसणं हे अपरिपक्वतेचं लक्षण आहे.

सोमवार, ८ मार्च

हॉल तिकीट आलं. मौलाने आणून दाखवलं. त्याचा फोटो, खाली नंबर. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि म्हणालो, "हे माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

"अब्बा, माझं हाय ते."

"हरवलंस म्हंजे? गेल्या साली छत्री हरवलीस."

त्याने गळ्यातली चावी सदऱ्याच्या आत टाकली आणि तो गेला. बाई म्हणाल्या होत्या भरवसा ठेवा, पण भरवसा घड्याळापर्यंत ठीक आहे. हॉल तिकीट हरवलं तर वर्ष जाईल. मी ते या डायरीतच १५ मार्चच्या पानात घालून ठेवलं आहे. ही डायरी गल्ल्याच्या खणात असते, तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

गुरुवार, ११ मार्च

परीक्षा चार दिवसांवर आणि मौला अंगणात काठी रोवून बसलाय! तिच्या सावलीवर कोळशाने रेघा ओढतो. दिलशाद त्याला कंडक्टरने सांगितलेल्या वेळा वाचून दाखवते. सतराव्या वर्षी हे खेळ. याला पोती उचलायला पाठवायचं या विचाराने मी आज कुळीथ मोजताना दोनदा चुकलो.

जोहराला म्हणालो तर ती म्हणते, "आवं, त्याचं त्याला करू द्या की." आणि हे म्हणताना तिचा एक डोळा घड्याळाकडे.

रविवार, १४ मार्च

उद्या मराठीचा पेपर. तयारी कडेकोट केली. गाडी नऊ वीसला येते हे आता गावातलं तान्हं पोरही जाणतं. म्हणजे मौलाने नऊ वाजता घरातून निघावं. साडेआठला अम्मा त्याला सांजा देणार. त्या आधी तिला दोन रकात नमाज पढायचीय त्याच्यासाठी. सगळ्यांनी पुन्हा तराजूवर हात ठेवला, उठवायचं नाही. महिनाभर एकानेही शपथ मोडली नाही. माझ्या घरच्या माणसांचा मला अभिमान वाटतो.

सोमवार, १५ मार्च. पौड, शाळेसमोरच्या चिंचेखाली

डायरी मांडीवर ठेवून लिहितोय, अक्षर कसंही येईल.

सकाळी डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं आणि घड्याळात पावणेसात. मला आनंदच झाला. म्हटलं, हवामान सुधारलं, सूर्य वेळेवर आला. टोलेही सातचे सात पडले. मौला न्हाऊन, केसांना तेल लावून, गळ्यातल्या चावीसकट तयार. सगळं धीम्या गतीने चालू होतं. अम्मा नमाजेला बसली. जोहराने रवा भाजायला घेतला.

सव्वाआठला मौला म्हणाला, "निगतो मी."

"आत्ता? गाडी नऊ वीसला हाय. अजून तास हाय. बस, खा."

"अब्बा, आज घड्याळ बरुबर हाय."

"घड्याळ नेहमीच बरोबर असतं! तास आधी जाऊन काय उन्हात वाळनार हायेस? अम्मीनं सांजा केलाय, तिचं मन मोडू नगंस."

"अब्बा, गाडी चुकंल."

"बापाला वेळ शिकवतोस?" मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो. खरं सांगतो, मी त्याची वाट अडवली. माझ्या मागे जोहरा सांज्याची ताटली घेऊन उभी, तिच्या मागे अम्मा दुआ पुटपुटत.

मौलाने आम्हा सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. रागाने नाही. मी गिऱ्हाइकांच्या रडक्या पोरांकडे बघतो तसं. मग म्हणाला, "परसाकडं जाऊन येतो," आणि मागच्या दाराने गेला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. सांजा निवत चालला. आणि भोंगा वाजला. एसटीचा. मी घड्याळ पाहिलं, साडेआठ. ही कुठली गाडी? पन्नास मिनिटं आधी कशी? भिकू दारात आला, तोंडाचा रंग उडालेला. "शेठ, गाडी आली! आन् मौला बसला बी!"

"बसला?"

"मागनं धावत आला आन् चढला. हात हालवला मला."

पहिल्यांदा बरं वाटलं. मग आठवलं. हॉल तिकीट! ते माझ्यापाशी आहे! पोरगं गेलं आणि त्याचं वर्ष माझ्या गल्ल्यात राहिलं. गेल्या साली तो झोपला म्हणून चुकला. यंदा तो उठला, वेळेवर निघाला, आणि मी त्याला बुडवला. माझी मती फिरली होती. डायरी उचलली, भिकूची सायकल घेतली आणि पेडल मारलं. वीस वर्षांत मी सायकल चालवलेली नाही. पिरंगुटच्या आधीच्या उतारावर ब्रेक दाबला तर सायकल जास्तच जोरात गेली. बाभळीत जाऊन थांबलो. सदरा फाटला. मी रडत होतो, हे लिहायला हरकत नाही, डायरी माझी आहे.

पौडला शाळेच्या फाटकावर पोचलो. शिपाई म्हणाला, पोरं आत गेली. मी म्हणालो, माझ्या मुलाचं हॉल तिकीट माझ्याकडे आहे, त्याला बसू देणार नाहीत, मला आत सोडा. शिपाई म्हणाला, दाखवा. मी त्याच्यासमोर डायरी उघडली, १५ मार्चचं पान.

हॉल तिकीट नव्हतं. वहीच्या कागदाची एक घडी होती. ती इथेच डकवतो.

"अब्बा, हॉल तिकीट माझ्याकडे आहे. गुरुवारी काढून घेतलं. तुम्ही इथवर याल असं वाटलं म्हणून ही चिठ्ठी. घड्याळ आज पहाटे मी लावलंय. तुमची दहा मिनिटं, दादीची पंधरा, अम्मीची पंधरा, भिकूकाकाची पाच, दिलशादची पाच, मिळून पन्नास. दिलशादने सगळ्यांचं सांगितलं. तुमचं तुम्हीच लिहिलंय. आता कुणी पुढं करू नका. सायकलचा पुढचा ब्रेक लागत नाही, उतारावर उतरून चाला. मौला."

शिपायाने चिठ्ठी माझ्या खांद्यावरून वाचली. त्याने मला पाणी आणून दिलं आणि या चिंचेखाली बसवलं.

मी तासभर बसून आहे. आधी संताप आला. पोराने माझी खाजगी डायरी वाचली! मग घोळत राहिलं ते वेगळंच. अम्माची धूळ. जोहराचं जळमट. भिकूची पाल. आम्ही पाच माणसं, तराजूवर हात ठेवून त्याच्यावर भरवसा ठेवत होतो आणि पाठ वळली की काटा ढकलत होतो. आख्खं गाव पन्नास मिनिटं पुढे नेलं, गुरं पिटाळली, एका गरीब इन्स्पेक्टरला घाम फोडला, एका पोराला उठवायला नको म्हणून. आणि पोरगं थांब्यावर पुस्तक घेऊन बसलेलं होतं.

त्याला ठाऊक होतं मी येईन. सायकलवर येईन, हेही. ब्रेकचं लिहिलं त्याने.

मंगळवार, १६ मार्च

काल दुपारी दोनला तो बाहेर आला. मला पाहून थबकला, फाटका सदरा पाहिला. मी विचारलं, "कसा गेला?"

"बरा गेला. तुमी पडलात व्हय?"

"थोडा."

"लिवलं हुतं मी."

"चिठ्ठी हितं आल्यावर उघडली रे."

तो हसला. मग मला मागच्या कॅरिअरवर बसवून त्याने सायकल मारली. प्रत्येक उतारावर थांबून मला उतरवलं आणि सायकल हातात धरून चालत गेला. वाटेत मला पुष्कळ बोलायचं होतं, पण मी ते कधी शिकलो नाही. माझ्या वडिलांनाही येत नव्हतं.

घरी अम्मा घड्याळाकडे पाठ करून बसली होती. दिलशादने सांगितलं, दादीने आज स्टूल शेजारी देऊन टाकलं.

मौला, तू हे वाचतोस हे आता मला माहीत आहे, तर वाच. तोंडाने मला जमणार नाही. गेल्या साली तू चुकला नव्हतास, आम्ही चुकवलं होतं. महिनाभर मी इथे तुझ्या नावाने जे जे लिहिलं ते खोडणार नाही, तसंच राहू दे, मला वाचायला लागेल. पोती कुणी उचलायची नाहीत. निकाल काहीही लागो, औंधला मी तुझ्याबरोबर येईन, आणि फाटकाबाहेर थांबेन.

उद्या इंग्रजीचा पेपर. मी घड्याळाला हात लावणार नाही. तराजूवर हात ठेवून सांगितलं असतं, पण त्या शपथेचं वजन तुला कळलं आहे. आमच्यात एकट्या तुझाच हात तराजूवर पडला नव्हता.

एक काम आहे. कालच्या सायकलने अंग ठणकतंय, सकाळी मला जाग येईलसं वाटत नाही. तू गाडीत बसताना मला थांब्यावर उभं राहायचं आहे. उठवशील का?

*(खाली, पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात)*

उठवतो. साडेसातला.